सैल हात

माझं माहेर जनवाड्याचं, पर नांदले हुलसूरच्या पेठेत. आम्ही कासार. ओट्यावर पडदा सोडायचा, पडद्याआड बाया बसायच्या आन् मी बांगड्या भरायची. काय सांगू बाई तुम्हाला, सणाला पेठेत पाय ठेवायला जागा नसायची. शेजारी अत्ताराचं दुकान, त्यांच्या अत्तराचा वास आमच्या बांगड्यांनाबी लागायचा. त्यांची बीबी मला भैन म्हणायची.

मग रझाकारी झाली, पोलिस ॲक्शन झाली, माणूस माणसाला भ्यायला लागला. अत्तार हैदराबादेला निघाले. जाताना बीबीनं दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणाली भैन, मेरी बच्ची की शादी में चूड्यां तूच पेहनाना. मी व्हय म्हणले आन् दोघी रडलो.

त्यात नवी सडक झाली, मोटार तिकडं थांबायली. एकेक दुकान उठून सडकंला गेलं, पेठेत कुत्री निजायली. आमचे मालक म्हणाले, गिऱ्हाईक तिकडं, आपण हितं कामून माशा मारायलाव? मी म्हणले, बीबी आली तर कुठं हुडकंल? ते म्हणाले, ती कशाची येती. गेलो बाई सडकंला.

पर बांगडी भरायची म्हंजी बाईनं हात सैल सोडला पाहिजे. सडकंला चार गडी बघायलेत, कोण हात सोडंल? एक नवी नवरी बसली, मी तिला बोलण्यात गुंगवून बांगडी चढवायले, तेवढ्यात मोटारीनं भोंगा वाजवला, पोरीनं हात आखडला, आन् चुडा फुटला. फुटला म्हणू न्हाई, पर फुटलाच. रगत आलं. सासू तिला उठवूनच घेऊन गेली. त्या दिवशी मालक जेवले न्हाईत. सकाळी त्यांनीच बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकल्या, म्हणाले चल, पेठेत.

पडदा पुन्हा सोडला. बाया आल्या, त्यांच्यामागं कुंकूवाला आला, खणवाला परतला. पयल्यावानी भरली न्हाई पेठ, कशाला खोटं बोलू, पर दिवे लागायलेत. अत्ताराचं दार मी रोज झाडायची, मालक हसायचे.

आन् परवा पडद्याआडून एक कवळा हात पुढं आला. मागून आवाज, भैन, पैचानी क्या? बीबीच. मी तिच्या पोरीचा हात धरला, पर माझेच हात आखडले. बीबी म्हणाली, भैन, हात ढीला छोड. मी लग्नाचा चुडा भरला, वरती आशीर्वादाची एक जादा बांगडी घातली. किल्ली द्यायला गेले तर बीबीनं माझी मूठच मिटली. दुकान ती उघडणार न्हाई आता. मी आपली दार झाडते.

आता म्हणायलेत हैदराबाद राज्याचे तुकडे व्हायलेत, उदगीर तिकडं मराठीत, आम्ही हिकडं कानडीत. व्हवू द्या. बाया सुखी ऱ्हावोत. ठेवा ते लिहिणं बाई, हात आणा हिकडं. सैल सोडा.