भाऊंपुढे आलेली केस

अगं, आमचे भाऊ आठवतात ना? मुलुंडचे नगरसेवक, मूळचे वकील. राजकारण सोडून पुन्हा वकिलीत गेले आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

बिल्डरने आमची इमारत पाडून काम थांबवलं, तेव्हापासून आम्ही भाड्याच्या घरात. सोसायटीची केस हायकोर्टात गेली, तशी मी गणपतीला नवस बोलले, "केस भाऊंपुढे येऊ दे, एकवीस मोदक वाहीन." आणि खरंच त्यांच्यापुढेच आली!

आमचे हे मात्र घाबरले. "अगं, गढूळ पाण्यावरून मी त्यांना भर चौकात झापलं होतं!"

"आणि दर श्रावणात आपल्या सत्यनारायणाला यायचे, ते? प्रसाद कुणी विसरतं का?"

तारखेला आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. माझ्या ओठांवर अथर्वशीर्ष. भाऊंनी सोसायटीचं नाव वाचलं आणि मान वर केली. ओळखलं गं त्यांनी आम्हाला!

आमच्या वकिलांना म्हणाले, "या लोकांकडे मी प्रसाद खाल्लाय आणि बोलणीही. हे प्रकरण दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे जाऊ दे."

झालं! पुन्हा तारीख, पुन्हा तेच भाड्याचं घर.

संध्याकाळी मी मोदक वळायला बसले, तर हे चिडले. "आता कसले मोदक?"

"केस भाऊंपुढे येऊ दे, एवढंच मागितलं होतं. बाप्पाने दिलं की!"

"मग आता काय मागणार आहेस?"

म्हटलं, "नवे न्यायमूर्ती कधी आपल्याकडे प्रसादाला आलेले नसू देत."