उन्हाळ्यातली संक्रांत

फरहाची बस लागली, तरी ती मालेगावच्या बसस्टँडवरून उठली नाही. शेजारी शाली पांघरून बसलेल्या दोघींचं बोलणं अर्धवट सोडवेना.

"तुमच्या ज्योत्स्नाची लग्नानंतरची पह्यली संक्रांत न वं, प्रयागबाई? काळी साडी धाडली का ऑस्ट्रेलियाले?"

"धाडली न. पण तिकडं जानेवारीत उन्हाळा असते, हे मले कोनं सांगतलं?"

"मंग नेसली का?"

"नेसली. भाजून निघाली पोरगी."

"अन वाण काय देल्लं?"

"हातपंखे. बाया उठाचं नावच नाई घेत."

"तिळगूळ तरी टिकला का?"

"पार पाघळला. मंग थंड्या दुधात घोळला, अन गिलास पुढं करून म्हणे, तिळगूळ प्या, गोड बोला."