कुंकू लागलेला चेक

चेक बाउन्स झाला की नक्की काय होतं, सांगू? करंजाड्यात भाड्याने राहायला गेलो, तेव्हा खालीच राहणाऱ्या मालकीणबाईंना वर्षभराच्या भाड्याचे चेक आधीच देऊन ठेवले होते. दुसऱ्याच महिन्यात नवऱ्याचा पगार लांबला आणि नेमका तेव्हाच त्यांनी चेक बँकेत टाकला. आता घर सोडावं लागणार, या धास्तीने मी लेकीला कडेवर घेऊन दार उघडलं, तर दारात चेक घेऊन उभ्या बाईच ओशाळलेल्या.

"पोरी, बँकेनं चेक परत धाडला. आमचीच चूक हाय. देवापुढं ठेवला व्हता, त्याला कुंकू लागलं. दुसरा लिवून देशील?"

मी चांगली शिकलेली बाई, पण 'देते की' म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. मग कसंबसं म्हटलं, "काकू, कुंकवाचं काही नाही हो. खात्यात पैसेच नव्हते."

"आगं, मंग आदी सांगाचं ना! कुंकू सांडलंस म्हनून मी सुनंला सकालपासून शिव्या घालतंय."

"काकू, पगार झाला की लगेच भाडं..."

"भाड्याचं बघू मागनं. आदी खाली चल, सुनंला तूच सांग. ती अजून जेवली नाय."