पाठमोरा फोटो

बायकोच्या, इंदिराच्या, वर्षश्राद्धाची पत्रिका छापायला रामकृष्ण गोहलपुरच्या छापखान्यात आला होता. तिचा फोटो अजून पिशवीतच होता. रांगेत त्याच्या पुढे वॉर्डात पार्षदकीच्या निवडणुकीला उभी राहिलेली अंजनी आणि तिचा नवरा होते.

"अहो, हा फोटो पोस्टरवर कसा टाकायचा? पक्षाचे दिल्लीचे अध्यक्षजी उभे दिसून राहिले अन् माझी नुसती पाठ!"

"नेमकी फोटोच्या वेळी पाया पडायला काहून वाकली?"

"एवढा मोठा माणूस समोर, मी ताठ उभी राहू?"

"बाकीचे उमेदवार राहिले ना, दात काढून."

"पण त्यांनी मला हाताला धरून उठवलं. म्हणाले, 'बेटी, खाना खाया?' तोवर फोटोवाला पुढे गेला होता."

"मग तू काय म्हटलं?"

"काही नाही, रडूच आलं. सकाळपासून कोणी विचारलं नव्हतं."

"अच्छा, मी पण नाही?"

"तुम्ही पण नाही."

"दीदी, आज ही छपना है. बिना चेहरे के वोट कौन देगा?" छापखानेवाल्याने विचारलं.

"छापो भैया. दहा वर्षं वॉर्डानं हिची पाठच पाहिली. नाली उपसताना, म्हाताऱ्यांचे हंडे भरताना. सगळे ओळखतील."

"खरंच ओळखतील?"

"मी तर गर्दीतूनही ओळखतो."

रामकृष्णाचा नंबर आला. त्याने फोटो काढून दिला. फोटोत इंदिरा पंगतीत वाकून वाढत होती. चेहरा अर्धाच दिसत होता.

"दादा, दूसरा नहीं है?"

"यही छापो," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरणाऱ्या त्या दोघांना त्याने पाठीमागूनच हात जोडले.