सूर्याचं पाणी

सोलरचं म्हणशील तर आमच्या बाबांचं ऐक. ते रिटायर झाले, दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सुटलं आणि आम्ही गाझियाबादला स्वतःच्या घरात आलो. गच्चीवर मी हौसेनं सोलर हीटर बसवला, पण बाबांचा भरवसा बादलीतल्या विजेच्या रॉडवरच.

पहिल्याच दिवाळीत, नरकचतुर्दशीला पहाटे आईनं त्यांना तेल-उटणं लावून पाटावर बसवलं. मी रॉड लावला आणि लाइट गेली. बाबा बसले कुडकुडत.

आई म्हणाली, "थांबा, गॅसवर पातेलं ठेवते."

मी म्हटलं, "बाबा, सोलरचा नळ सोडून बघू ना यार."

"अरे, सूर्य अजून उगवायचाय. अंधारात काय तापवणार तो, बिल्कुल बर्फ असेल."

मी नळ सोडला. बाबांनी खाली हात धरला आणि चटकन मागे घेतला.

"हे तापलं कधी?"

"काल दुपारी."

त्यांनी आंघोळ केली, आणि पंच्यावरच गच्चीत जाऊन टाकीवर हात ठेवला. टाकी बाहेरून गारेगार. उजाडेपर्यंत ते तिथेच उभे.

सूर्य वर आला तसा मी त्यांचा रोजचा अर्घ्याचा तांब्या नेऊन दिला. त्यांनी तो उचलला आणि तसाच हातात धरून राहिले.

"आयुष्यभर मी रोज ह्याला पाणी देतोय," ते हळूच म्हणाले. "आज त्यानं परत दिलं रे. तेही तापवून."