त्या खुर्चीवरची चाळीस मिनिटे

मी खाली सही करणारी, वय ३४ वर्षे, धंदा नोकरी, मानसिक आरोग्य केंद्रात नोंदणी खिडकीवर कारकून, राहणार केंद्रामागील कर्मचारी वसाहत, आईसह. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी या कामावर नऊ वर्षांपासून आहे. केसपेपर काढते, तारखा देते. नोकरी सांभाळून मानसशास्त्रात एम.ए. केले. सहायक मानसशास्त्रज्ञ या पदासाठी सहा वेळा अर्ज केला. पाच वेळा 'अनुभव नाही' म्हणून परत आला. त्या पदावर घेतल्याशिवाय तो अनुभव कुठून आणायचा, हे विचारले नसताना सांगत आहे.

मंगळवारी दुपारी दोन वाजता मानसशास्त्रज्ञ मॅडम बैठकीला गेल्या होत्या. मी त्यांच्या खोलीत फायली ठेवल्या व त्यांच्या खुर्चीवर बसले. बसण्याचे काही काम नव्हते. तेवढ्यात एक बाई दारातून "मॅडम, येऊ का?" म्हणाल्या. मी "या, बसा" म्हणाले.

त्यांचा मुलगा, वय २२, आमच्याकडे उपचार घेतो. घरचे त्याला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावतात, असे त्या रडत सांगत होत्या. मी चाळीस मिनिटे ऐकले. शेवटी "कडी काढून बघा, ताई" म्हणाले. तसे सांगण्याचा मला अधिकार नव्हता. एवढे सुख मला नऊ वर्षांत कधी मिळाले नव्हते.

बुधवारी सकाळी मुलगा घरातून निघून गेला. गुरुवारी दुपारी मावशीकडे सुखरूप सापडला. मधल्या वेळात मी जेवले नाही. मी मॅडम असल्याचे भासवले, अशी तक्रार त्याच्या वडिलांनी माझ्याविरुद्ध दिली आहे.

सहाव्या अर्जाचे उत्तर काल आले. निवड झाली असून सोमवारी हजर व्हायचे आहे. आईने पत्र तीनदा वाचायला लावले.

मी कारकून असल्याचे त्यांना आधीच सांगितले होते, असा जबाब त्या बाईंनी दिल्याचे ठाण्यातील साहेबांनी मला दाखवले. बाहेर बाकावर त्या मला म्हणाल्या, "तुम्हीपण तेच सांगा. पोरगा पत्ता विचारत एकटा गेला हो मावशीकडे!" साहेबही म्हणाले, "मिटतंय तर मिटू द्या की."

मी तसे सांगितले नव्हते. त्या मला मॅडम म्हणाल्या आणि मी 'नाही' म्हटले नाही. गुन्हा नोंदला तर मला हजर करून घेणार नाहीत, हे माहीत आहे. ते पद मला फार हवे आहे.

जबाब मला वाचून दाखवला. वरचा परिच्छेद खोडू का, असे साहेबांनी दोनदा विचारले. मी नको म्हणाले. लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.