बिनआवाजाची गाडी

...आणि वर मलाच म्हणतात, किशोर, तुझी गाडी भुताची हाय! अहो, नवीकोरी गाडी, हायब्रीड, अर्धी डिझेलवर, अर्धी बॅटरीवर, आमच्या मालकांनी, राजेशशेठनी, कर्जतला हार घालून आणली, पेढे वाटले, मला म्हणाले, "डायवर, आता डिझेल वाचणार!" वाचलं की! पण तुमाला सांगतो, आवाजच नाय हो!

तुमी म्हणाल, बरंच झालं. काय बरं झालं? कशेळ्याच्या पुढं आमची वाडी वर डोंगराला, रस्ता खाली. जुनी गाडी चढाला लागली की अशी कण्हायची... घुर्रर्र, खडखड, घुर्रर्र... की वरच्या बायका बाजाराच्या पाट्या उचलायच्या, आणि मी वळणावर पोचेपर्यंत सगळ्या हजर! घड्याळ बघतंय कोण? आणि ही? हळू चालली की बॅटरीवर. मांजर परवडलं, ते निदान म्यांव तरी करतं! वळणावर चिटपाखरू नाय. हॉर्न मार म्हणाल, तर मारला! पण विटांचे ट्रक मारतात, फार्महाऊसवाले मारतात, हॉर्नला भीक कोण घालतो?

एकदा वाडीतली भागी मोळी घेऊन पुढं चालली होती. मी अलगद मागं जाऊन थांबलो, म्हटलं, "चल गं भागे." ती वळली, नाकासमोर गाडी बघितली आणि जी किंचाळली! डोक्यावरची मोळी थेट माझ्या काचेवर! "मेल्या, आलास कधी ते कळलं नाय... जिता हाय का रं तू?" दुसऱ्या दिवशी वळणावर नारळ, गुलाल, लिंबू. माझ्यासाठी हो! त्या लिंबाकडं बघून मलाच माझी शंका यायला लागली.

गाडी रिकामी. शेठ म्हणाले, "किशोर, डिझेल वाचलं रं, पण बसतंय कोण? महिनाअखेर फेरी बंद." फेरी बंद म्हंजी मी घरी, आणि वाडीतली अडलेली बाई परत झोळीतनं खाली. आवाजच नाय हो, करू काय? मग मीच केला! चढ लागला की मुंडी खिडकीबाहेर आणि... घुर्रर्र! खडखड! घुर्रर्रर्र! मागनं एक गुरुजी म्हणतात, "किशोर, आडुळसा घे रे." पण बायका डोंगरावरनं खाली आल्या! गाडी भरली!

आणि माझा घसा बसला. पार बंद. त्या दिवशी तोंड मिटून चढ चढलो, म्हटलं, आज कोण येतंय... बघतो तर अख्खी वाडी वळणावर! खुणेनंच विचारलं, कळलं कसं? भागी म्हणते, "म्हंजी? मगाधरनं ऐकतोय की. आज तर अगदी जुन्या गाडीवानी कण्हत होतास."

अहो, जुनी गाडी खोपोलीला भंगारात कापली! माझ्या डोळ्यांदेखत! मी रडलोय तिथं!

दुसऱ्या दिवशी मी पण ऐकली. मागनं. घुर्रर्र... आरशात बघतो तर रस्ता रिकामा. भ्यालो, खोटं कशाला सांगू? शेठला सांगितलं. शेठ म्हणाले, "डिझेल मागते का ती?"

"नाय."

"मग येऊ दे."

झालं! आता रोज चढाच्या तोंडाशी मी गाडी बाजूला घेतो. आवाज मागनं येतो, शेजारनं जातो, पुढं चढाला लागतो... मग मी निघतो. काय करणार? शेवटी ती सीनियर हाय.